खरेदीचा भाव विसरा: टेक शेअर घ्यायचा, ठेवायचा की विकायचा?

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच होता, म्हणून आज नीट लिहून काढतोय. आधीच सांगतो, मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. सांगलीत मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान चालवतो आणि दुकानदारांना हिशोब शिकवतो. त्यामुळे "हा घ्या, तो विका" असं माझ्याकडून मिळणार नाही. उदाहरणंही मुद्दाम जुनी घेतली आहेत.

आपल्या बॅचमधल्या एक ताई आहेत, मिरजेत त्यांचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. श्रावणात त्या कागद घेऊन आल्या. तीन टेक शेअर, एकूण लावलेले १,८०,००० रुपये. एक मोठी आयटी कंपनी, ८०,००० चे झाले होते ७४,०००. एक अ‍ॅपवाली कंपनी, ६०,००० चे ३९,०००. आणि एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी, ग्रुपवरच्या टिपवरून घेतलेली, ४०,००० चे १८,०००. म्हणाल्या, "सर, मुद्दल सुटेपर्यंत थांबू का?"

मी विचारलं, "ताई, दिवाळीचा माल कधी भरता?" म्हणाल्या, "भाद्रपदात, सुरतेहून." पैसे कुठले, तर हेच.

खरा प्रश्न इथेच होता, पण त्याकडे नंतर येतो. आधी "मुद्दल सुटेपर्यंत" या दोन शब्दांबद्दल बोलू.

२०२१ मध्ये मी मायक्रो यूएसबीच्या ४०० केबल उचलल्या, ३८ रुपयांनी. स्वस्त पडल्या म्हणून. तोवर नव्या फोनना टाइप-सी यायला लागलं होतं. गिऱ्हाईक केबल हातात घेऊन परत ठेवायचं. मी मात्र "३८ च्या खाली देणार नाही" म्हणून दोन वर्षं तो खोका सांभाळला. ज्या रॅकवर टाइप-सीचा माल महिन्यातून दोनदा फिरला असता, तिथे डेड स्टॉक बसला होता. मी ३८ ला घेतली हे गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्याला काय त्याचं?

शेअरचंही तेच आहे. तुम्ही कितीला घेतला हे बाजाराला माहीत नसतं. माणूस तोट्यातला शेअर धरून ठेवतो आणि नफ्यातला पटकन विकतो, हे टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये एका अमेरिकन ब्रोकरची १०,००० खाती तपासून दाखवलं. मीही त्यातलाच. २०२१ च्या आयपीओच्या हंगामात मला दोन कंपन्यांचे शेअर लागले. वर गेलेला पहिल्या दिवशी विकून पेढे वाटले, आणि पडलेला "लाँग टर्म" म्हणून ठेवला. लाँग टर्म हे नाव मी तो पडल्यावर दिलं, आधी नाही!

त्याच वर्षातली सगळ्यांना माहीत असलेली दोन नावं बघू. झोमॅटोचा आयपीओ जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना आला आणि शेअर ११६ ला उघडला. पेटीएमचा नोव्हेंबरमध्ये २,१५० ला आला आणि पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला. पुढे जुलै २०२२ मध्ये झोमॅटोही ५० च्या खाली गेला. त्या दिवशी दोन्ही शेअर असलेल्या माणसाला दोन्ही लालच दिसत होते. भाव बघून कोणता ठेवायचा हे कळायला काही मार्ग नव्हता.

धंदा बघून थोडं तरी कळत होतं. झोमॅटोने जून २०२२ मध्ये ब्लिंकिट घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. पण जून २०२३ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने पहिल्यांदा नफा दाखवला, २ कोटी. एवढ्या मोठ्या कंपनीला २ कोटी म्हणजे चिल्लरच, पण दिशा बदलली होती. २०२४ मध्ये शेअर २५० च्या वर गेला. पेटीएमच्या बाबतीत ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि शेअर ४०० च्याही खाली आला. त्या संध्याकाळी विचारायचा प्रश्न "२,१५० कधी येणार" हा नव्हता. "ज्या कारणासाठी मी घेतला होता, ते कारण अजून उभं आहे का" हा होता.

हे विचारायचं तर कारण आधी लिहिलेलं हवं. वहीत दोन ओळी पुरतात. का घेतला, आणि काय झालं तर विकेन. "काय झालं तर" मध्ये भाव लिहू नका, धंद्यातली गोष्ट लिहा.

आयटी कंपन्यांचं घ्या. त्यांची बरीचशी कमाई अमेरिका आणि युरोपातून येते. रुपया घसरला की विक्री फुगलेली दिसते, म्हणून चलनाचा परिणाम काढून टाकलेला वाढीचा आकडा बघायचा. इन्फोसिसची वाढ अशा मोजणीने २०२२-२३ मध्ये १५.४ टक्के होती. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने पुढच्या वर्षासाठी ४ ते ७ टक्के सांगितलं, जुलैत ते १ ते ३.५ वर आणलं, आणि वर्ष संपलं १.४ वर. ज्याच्या वहीत "वेगाने वाढते म्हणून" असं होतं, त्याचं कारण एप्रिलमध्येच लंगडं झालं. ज्याने "कर्ज नाही, दरवर्षी डिव्हिडंड मिळतो म्हणून" लिहिलं होतं, त्याचं कारण शाबूत होतं. शेअर एकच, पण एकाने विकणं बरोबर आणि दुसऱ्याने ठेवणंही बरोबर. आणि हो, २०२४ च्या शेवटी तो शेअर त्या एप्रिलच्या भावापेक्षा बराच वर होता. म्हणजे पहिल्याने नियम पाळूनही हात चोळलेच असतील. असं होतं. वहीने भविष्य दिसत नाही.

"खाली आलाय तर अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करू का" हा प्रश्नही रोज येतो. मी उलट विचारतो, तुझ्याकडे हा शेअर नसता आणि तेवढी रोकड हातात असती, तर आज या भावाला घेतला असतास का? हो असेल तर ठेव, हवं तर अजून घे. नाही असेल, तर होल्ड करणं म्हणजे रोज सकाळी नको असलेला माल परत विकत घेणं.

आता एका शेअरमध्ये किती? ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड नाहीच. शेअर एका दिवसात पाऊण भावाने गेला. आदल्या रात्री तुम्ही कितीही अभ्यास केला असता, तरी वाचला नसता. वाचवणारी गोष्ट एकच होती, तिथे थोडेच पैसे असणं.

तर ताईंकडे परत. दिवाळीच्या मालाचे पैसे शेअरमध्ये, मग तो कोणताही असो, हीच मूळ चूक होती. धंद्याचं खेळतं भांडवल फिरायला हवं. आणि दुकानातला माल पडून राहिला तर निदान सेल लावता येतो. सुरतेच्या पेमेंटची तारीख बाजार बघत नाही.

आम्ही तिन्ही शेअरसमोर कारण लिहायला बसलो. टिपवाल्यासमोर त्यांना एक ओळही लिहिता येईना. तो गेला. अ‍ॅपवाल्यासमोर त्यांनी स्वतःहून लिहिलं, "ऑर्डर वाढतायत, तोटा दर तिमाहीला कमी होतोय." मी निकाल उघडून दाखवले, खरंच होतं. राहिली मोठी आयटी कंपनी. ती वाईट नव्हती, पण माल भरायला रोकड तिच्यातच होती. म्हणून सगळ्यात कमी तोट्यातला शेअर विकला आणि ३५ टक्के पडलेला ठेवला, तीन वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. त्या दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिल्या.

७४ आणि १८ मिळून ९२,००० हाती आले. दोन्ही शेअर वर्षाच्या आत घेतलेले, म्हणजे २८,००० चा शॉर्ट टर्म तोटा. हा तोटा दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा होतो, आणि रिटर्न वेळेत भरलं तर पुढची आठ वर्षं वापरता येतो. तेव्हा तोट्याचं वर्ष म्हणून रिटर्न चुकवू नका. तुमच्या सीएला हे जरूर विचारा.

सुरतेचं बिल लाखाचं झालं. उरलेल्या ८,००० ला व्यापाऱ्याने महिन्याची उधारी दिली.

माझ्या केबल शेवटी काउंटरवर दहा-दहाला लावल्या. चौदा अजून शिल्लक आहेत, कुणाला जुन्या स्पीकरला हव्या असतील तर दुकानात या.