गिअरचं जुनं ऑइल तपासून घ्यावं का?

प्रश्न : माझी गाडी मॅन्युअल गिअरची आहे. फोंडा घाटातून कोल्हापूरला नेहमी जाणं-येणं असतं. गिअर ऑइल बदलताना जुनं ऑइल लॅबमध्ये पाठवावं का?
– एक वाचक, मिठबाव

उत्तर : गिअर नीट पडत असतील, आवाज नसेल, तर पाठवू नका. गिअरबॉक्सला साधारण दोनेक लिटर ऑइल लागतं. तपासणीच्या खर्चात बहुधा नवीन ऑइलच येईल. शिवाय एका नमुन्यातून फारसं कळत नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिन ऑइल ठरावीक काळाने तपासतात, म्हणून लोखंड-तांब्याचं प्रमाण वाढतंय का हे दिसतं. आणि लॅबचं यंत्र बारीक कणच मोजतं. दाताचा मोठा तुकडा त्याच्या आकड्यात येतच नाही.

तो तुम्हालाच दिसेल. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल, तर त्यावरचा लेप बोटांत चोळून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण, चकत्या निघाल्या तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक बघायचं : भरलेल्या व्हाळातून गाडी काढली असेल तर ब्रीदरमधून पाणी आत जातं आणि ऑइल दुधाळ होतं. असं दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला.

ऑटोमॅटिकचं वेगळं. तिथलं ऑइल महाग, जास्त लागणारं. जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेताना किंवा वॉरंटीचा वाद असेल तेव्हा तपासणीचे पैसे जरूर खर्चावेत. नमुना ऑइल गरम असताना, मधल्या धारेचा, कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या.