ओझे एकट्याने वाहू नये
(धर्मग्रामातील स्काउट-गाईड पथकाच्या निमित्ताने)



रविवारी दुसरी मिस्सा संपली की ख्रिस्तमंदिराच्या मागच्या आवारात गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले रांगेत उभी राहिलेली आपण पाहता. ध्वज वर चढतो, शिट्टी वाजते, थोड्या वेळाने दोऱ्या आणि काठ्या बाहेर येतात. पुष्कळ जण जाता जाता थांबतात, "चांगले काम चालले आहे हो!" असे म्हणतात आणि मासळी संपायच्या आत बाजार गाठायला निघतात. आम्हीही पूर्वी असेच निघत होतो. नंतर कोणीतरी आमच्याही हातात शिट्टी दिली.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या तयारीची गडबड चालू असताना आम्ही तिघे पथकाच्या खोलीत बसलो होतो. मुले ३१ आणि मोठी माणसे तीन. विषय एकच होता : पथक पुढे चालवायचे की बंद करायचे? त्या रात्री निर्णय झाला नाही. मात्र आपल्याला येणाऱ्या अडचणी धर्मग्रामापुढे मोकळेपणाने मांडाव्यात, असे ठरले. हा लेख म्हणजे तेच मांडणे आहे. त्यात तक्रार थोडी आणि कबुली जास्त आहे.

थोडी पार्श्वभूमी

१९०७ च्या ऑगस्ट महिन्यात रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर मुलांचे एक प्रायोगिक शिबिर भरवले. श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि सामान्य घरांतली मुले त्यांनी मुद्दाम एकत्र आणली, त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका मोठ्या मुलाच्या हाती सोपवला. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि ही चळवळ जगभर पसरली. आपल्या देशात सुरुवातीची पथके इंग्रजांच्या मुलांसाठीच होती. पुढे अ‍ॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय अशा मंडळींनी भारतीय मुलांसाठी वाट मोकळी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाईड्स' ही संघटना स्थापन झाली.

कॅथोलिक ख्रिस्तसभेचाही या चळवळीशी जुना संबंध आहे. फ्रान्समधील येशूसंघीय धर्मगुरू जाक सेव्हँ यांनी १९२० साली तेथे कॅथोलिक स्काउट चळवळ उभी करण्यात पुढाकार घेतला. २०१२ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले. मार्सेल कालो हा फ्रेंच तरुणही लहानपणी स्काउट होता. १९४५ साली नाझी छळछावणीत त्याने प्राण सोडला आणि १९८७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित म्हणून घोषित केले.

ही नावे सांगण्याचे कारण असे की, पथक म्हणजे मुलांना दोन तास गुंतवून ठेवण्याची सोय, असा समज आपल्यात आहे. तो आम्हाला दूर करायचा आहे.

इथ्रोचा सल्ला

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून सर्व लोकांचा न्यायनिवाडा करीत असे. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला आणि त्याने हे पाहिले. त्याने जावयाचे कौतुक केले नाही. उलट, असेच चालू राहिले तर तू थकशील आणि हे लोकही थकतील, असे त्याने स्पष्ट बजावले. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर योग्य माणसे नेम, आणि फक्त अवघड गोष्टीच स्वतःकडे ठेव, असा त्याचा सल्ला होता. मोशेने तो मानला.

हा उतारा आम्ही अनेकदा ऐकला होता, पण तो आपल्याला लागू आहे हे ध्यानात यायला सात वर्षे लागली. आमच्यातील एकानेच नोंदवही लिहायची, पालकांना फोन करायचे, शिबिराची जागा बघायची, टेम्पो ठरवायचा आणि वर्गणीचा हिशेबही ठेवायचा, अशी रीत पडली होती. दुसऱ्या कोणाला सांगण्यापेक्षा स्वतः केलेले बरे, असे त्याला वाटे. इतरांनाही ते सोयीचे होते. एका पावसाळ्यात तो आजारी पडला आणि सहा रविवार पथक भरलेच नाही. कारण खोलीची किल्ली कोठे असते, हेसुद्धा दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

मुलांचे काम मुलांकडे

गंमत अशी की, इथ्रोने सांगितलेली व्यवस्था स्काउटिंगमध्ये मुळातच आहे. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक आणि सर्व संघनायकांची मिळून सभा. कार्यक्रम या सभेने ठरवायचा असतो. मोठ्या माणसाने मागे उभे राहायचे असते.

मागे उभे राहणे हेच सर्वांत कठीण काम आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मुलगा गाठ चुकीची बांधत असतो आणि आपले हात शिवशिवतात. तंबूची काठी वाकडी उभी राहते आणि आपण "थांब, मी करतो" असे म्हणून मोकळे होतो. एका शिबिरात मुलांची खिचडी खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. आमच्यापैकी दोघांनी ताबडतोब दुसरे पातेले चढवले. जेवण उत्तम झाले. पण त्या संध्याकाळी चूल कशी लावावी आणि आच कधी कमी करावी, हे मुले शिकली नाहीत. पुढच्या वेळी आम्ही हात मागे बांधून बसलो. मुलांनी करपलेली खिचडी लोणच्याबरोबर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पाणी मोजून घातले.

शौलाने आपले चिलखत दावीदाच्या अंगावर चढवले तेव्हा त्या मुलाला चालताही येईना. त्याने ते उतरवले आणि स्वतःची गोफण घेतली. आपणही आपल्या मुलांच्या अंगावर स्वतःचे चिलखत चढवत नाही ना, हे तपासायला हवे.

ती चाळीस मिनिटे

आता कबुलीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी आमचे एका रात्रीचे शिबिर होते. संध्याकाळी हजेरी घेतली तेव्हा अकरा वर्षांचा एक मुलगा कमी भरला. आमच्यातील एकाला वाटले, तो दुसऱ्याबरोबर लाकडे आणायला गेला आहे. दुसऱ्याला वाटले, तो तिसऱ्याबरोबर पाण्यावर आहे. तिसऱ्याला वाटले, तो तंबूत आहे. तो कोठेच नव्हता. अंधार पडू लागला होता.

चाळीस मिनिटांनी तो जवळच्या पाड्यावर सापडला. बाटली भरायला एकटाच गेला होता आणि परतताना वाट चुकला होता. एका घरातील आजीने त्याला अंगणात बसवून गूळ-शेंगदाणे दिले होते. मुलगा मजेत होता. आमचे पाय मात्र थरथरत होते.

पास्काच्या सणाहून परतताना मरिया आणि योसेफ यांचेही असेच झाले होते. बारा वर्षांचा येशू बरोबरच्या लोकांत असेल, असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मुलावर माया कमी होती म्हणून तो हरवला नाही. 'दुसऱ्या कोणाबरोबर तरी असेल' असे प्रत्येकाला वाटले म्हणून तो मागे राहिला.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. मुलगा सुखरूप आहे, मग घरी कशाला सांगायचे, असे एकाचे म्हणणे होते. शेवटी आम्ही त्याच्या आईवडिलांना फोन केला आणि पुढच्या रविवारी सर्व पालकांना बोलावून घडलेले सांगितले. एका कुटुंबाने आपली दोन्ही मुले पथकातून काढली. त्यांचा आम्हाला राग नाही. हरवलेल्या मुलाची आई सभेत काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी ती त्याला घेऊन आली आणि दोन तास आवारातील बाकावर बसून राहिली. त्यानंतरच्या रविवारीही बसली. आज मुलांच्या औषधांची आणि अ‍ॅलर्जीची वही तीच सांभाळते.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. दर तासाला संघनायक आपल्या संघाची मोजणी करतो. कोणीही मूल एकटे कोठेही जात नाही, पाण्याला किंवा शौचालादेखील जोडीनेच जाते. आणि कोणत्या मुलांची जबाबदारी कोणत्या मोठ्या माणसाकडे आहे, हे कागदावर लिहून तंबूबाहेर लावले जाते.

सुरक्षिततेचे नियम म्हणजे अविश्वास नव्हे

मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने आज आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुलांवर होणारे अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांकडून होतात, आणि चर्चचे आवारही त्याला अपवाद राहिलेले नाही. म्हणून एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत एकत्र असणार नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसे असतील. मोठ्यांची आणि मुलांची झोपण्याची जागा वेगळी असेल. मुलाला मोबाईलवर खासगी संदेश जाणार नाही, निरोप पालकांच्या गटावरच जाईल.

हे नियम सांगितले तेव्हा आमच्यातीलच एक ज्येष्ठ दुखावले. "इतकी वर्षे मुलांना खेळवले, आता माझ्यावर पहारा?" असे ते म्हणाले. त्यांचे दुःख आम्हाला कळले. पण नियम सर्वांना सारखा असला तरच तो मुलाच्या उपयोगी पडतो. तो चांगल्या माणसालाही खोट्या संशयापासून वाचवतो. शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला समजेल, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घरातल्या घरात किंवा पॅरिशमध्ये मिटवून टाकण्याची मुभा कोणालाही नाही. मुलांनी स्वतः मदत मागण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो आमच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

नववी, क्लास आणि रिकामी रांग

स्काउट-गाईड विभाग दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रत्यक्षात मूल नववीत गेले की रविवारचा क्लास सुरू होतो आणि ते रांगेतून नाहीसे होते. चार वर्षे शिकून संघनायक तयार होतो आणि नेमका तेव्हाच जातो. दहावीचे महत्त्व आम्हालाही कळते, आमच्याही घरी मुले आहेत. पालकांना आमची विनंती एवढीच आहे की, पूर्ण बंद करू नका. महिन्यातून एक रविवार पाठवा. लहान मुलांना दोरीची गाठ शिकवणारा पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःही पुष्कळ शिकत असतो.

पैशाचेही सांगावे लागेल. गणवेश न परवडल्यामुळे दोन मुले येईनाशी झाली, हे आम्हाला फार उशिरा कळले. आता खोलीत एक कपाट आहे. लहान झालेले गणवेश धुऊन तेथे ठेवायचे आणि लागेल त्याने न विचारता घ्यायचे. जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लागतो. स्वतःचे मूल पथकात असेल तर त्याची परीक्षा आई किंवा वडिलांनी घ्यायची नाही, हाही नियम आम्ही एका कडू प्रसंगानंतर केला.

आणि घरचा रविवार? आमच्या घरच्यांनी तो आम्हाला देऊन टाकला आहे. कोणाची बायको एकटीच माहेरच्या सणाला गेली, कोणाच्या नवऱ्याने रविवारचे जेवण स्वतः रांधले. त्यांचे नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर येत नाही. आज येथे त्यांचे आभार मानतो.

आता काय हवे?

आमच्या तिघांतील एकाची मे महिन्यात बदली होत आहे. गाईड पथकाच्या मुलींबरोबर शिबिराला प्रौढ स्त्रिया असल्याच पाहिजेत, आणि सध्या आमच्याकडे एकच भगिनी आहे. जूनपर्यंत आणखी दोन भगिनी पुढे आल्या नाहीत, तर मुलींचे शिबिर या वर्षी होणार नाही. कदाचित मुलींचे पथकच थांबेल. हे आम्ही धमकी म्हणून लिहीत नाही. दोन माणसांचे काम एकीने करण्याचा परिणाम आम्ही पाहिला आहे, आणि तो पुन्हा पाहण्याची आमची तयारी नाही.

गाठी येत नाहीत म्हणून मागे राहू नका. संघटनेकडून प्रशिक्षण मिळते. हिशेब लिहिणारा एक, प्रथमोपचार शिकवू शकणारी एक नर्स, वाडीतील झाडे ओळखून दाखवणारे एखादे आजोबा, जाळे विणणारा एखादा कोळी बांधव, यांतील प्रत्येकाला पथकात काम आहे. महिन्यातून दोन रविवार, दोन-दोन तास. त्याहून जास्त आम्ही मागणार नाही आणि कोणी जास्त देऊ लागला तर त्याला इथ्रोची गोष्ट सांगू.

संत जॉन बॉस्को यांनी तुरीनच्या रस्त्यांवरील मुलांसाठी काम उभारले, तेव्हा मुलांच्या खेळात मोठ्यांनी हजर असावे, यावर त्यांचा भर होता. मुले आजही मैदानात आहेत. त्यांच्याजवळ उभे राहायला माणसे हवी आहेत.

समूहसभेत विचार करण्यासाठी :
१. निर्गम १८ : १३-२७ वाचा. आपल्या धर्मग्रामात कोणते काम एकाच माणसाच्या खांद्यावर पडले आहे?
२. लूक २ : ४१-५२ वाचा. 'दुसरा कोणीतरी बघेल' असे आपण मुलांच्या बाबतीत कधी म्हणतो?
३. आपल्या वाडीतील कोणते मूल पथकात येऊ शकत नाही, आणि का?

इच्छुकांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पथकाच्या खोलीत यावे. किल्ली आता चौघांकडे आहे.