जोड लावण्याआधी खुब्यांचा एक्स-रे

पुणे
१२ जानेवारी

चि. अनघास,


तुझं पत्र मिळालं. तुझ्या लॅब्राडॉर जुईला दीड वर्ष पुरं झालं, पुढच्या महिन्यात ती माजावर येईल, नाशिकच्या एका चॅम्पियन लॅब्राडॉरशी जोड ठरत आली आहे आणि पिल्लांसाठी आतापासूनच विचारणा होते आहे, हे सगळं वाचलं. जुई गुणी आहे. तिची पिल्लं व्हावीत असं तुला वाटणं स्वाभाविक आहे. पण या माजाला जोड लावू नकोस. आधी तिच्या दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढून घे आणि मग ठरव. हे मी तुझी मावशी म्हणून सांगते आहे आणि जनावरांची डॉक्टर म्हणूनही.

जुई दिवसभर पळते, जिने चढते, तिला काय झालंय, असं तुला वाटेल. हिप डिस्प्लेशिया हा दोष नेमका इथेच फसवतो. लिंबू खोल वाटीत ठेवलं तर जागचं हलत नाही, पसरट बशीत ठेवलं तर घरंगळतं. निरोगी खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खोबणीत घट्ट बसलेला असतो. डिस्प्लेशियात सांधा सैल पडतो आणि खोबण उथळ राहते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात हे दिसत नाही. वाढीच्या वयात माथा सरकत राहतो, कूर्चा झिजते, हाडाच्या कडा वाढतात आणि पुढे संधिवात जडतो. तरुणपणी भरलेले स्नायू हे सगळं झाकून ठेवतात. कुत्रा उठताना कण्हायला लागेपर्यंत त्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात. म्हणून चाल बघून खुब्याची खात्री देता येत नाही.

आता एक्स-रेबद्दल. तो माजाच्या दिवसांत काढू नये, कारण संप्रेरकांमुळे सांधे एरवीपेक्षा सैल दिसू शकतात. माज संपल्यावर तीन-चार आठवडे जाऊ देत. जुईला गुंगीचं इंजेक्शन देऊनच फिल्म घ्यायला सांग. जागं जनावर स्नायू आवळून धरतं, त्यामुळे सैलपणा लपतो आणि फिल्मही वाकडी येते. तिला उताणं ठेवून मागचे पाय सरळ, समांतर ताणलेले हवेत. गुडघ्याच्या वाट्या मांडीच्या हाडांच्या बरोबर मध्यावर दिसायला हव्यात आणि कमरेच्या हाडातली दोन्ही भोकं सारख्या आकाराची. ती लहान-मोठी दिसली तर कंबर कलली आहे असं समज आणि फिल्म पुन्हा घ्यायला लाव. कललेल्या फिल्मवर एक खुबा उगाच चांगला आणि दुसरा उगाच वाईट दिसतो. डावी-उजवी बाजू, तारीख आणि जुईचा मायक्रोचिप नंबर फिल्मवरच उमटलेला हवा. मागाहून पेनाने लिहिलेलं चालवून घेऊ नकोस.

फिल्म वाचण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स सात श्रेणी देते. एक्सलंट, गुड आणि फेअर या उत्तीर्ण श्रेणी, त्याखाली बॉर्डरलाइन, आणि मग दोषाच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा तीन पायऱ्या. तिथे तीन तज्ज्ञ एकमेकांचं मत न पाहता फिल्म वाचतात आणि कायमची श्रेणी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय मिळत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात. दोन्हींची बेरीज १०६ पर्यंत जाते आणि ती जितकी कमी तितका खुबा चांगला. युरोपात ए ते ई अशी अक्षरं वापरतात.

पाय ताणून काढलेल्या फिल्ममध्ये एक उणीव राहते. त्या स्थितीत सांध्याभोवतीचं आवरण पिळलं जाऊन माथा आत ढकलला जातो, त्यामुळे थोडा सैलपणा दिसत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी १९८३ पासून विकसित केलेल्या पेनहिप पद्धतीत सांधा हलकेच बाहेर ताणून हा सैलपणाच मोजतात, तेही १६ आठवड्यांच्या पिल्लापासून. मोजमाप ०.३० किंवा त्याहून कमी आलं तर पुढे संधिवात होण्याचा धोका फार थोडा. तुला मिळेल ती पद्धत वापर, पण फिल्म खुबे वाचण्याचा अनुभव असलेल्या दोघांना दाखव आणि पहिल्याचं मत दुसऱ्याला आधी सांगू नकोस.

जुईची फिल्म चांगली आली तरी काम निम्मंच झालं. हा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. दोन चांगल्या खुब्यांच्या कुत्र्यांनाही सदोष पिल्लं होतात. म्हणून नराची फिल्म माग. त्याच्या आई-बापाची, भावंडांची आणि मोठ्या झालेल्या पिल्लांची चौकशी कर. केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात, खुब्यांबद्दल काही सांगत नाहीत. शोमधल्या चॅम्पियन किताबाचंही तेच. नराचा मालक फिल्म दाखवायला तयार नसेल, तर दुसरा नर शोध.

खाण्याकडेही लक्ष दे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरचा जन्मभर अभ्यास केला गेला. दोन-दोन कुत्र्यांचे गट करून त्यांतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांचे खुबे जास्त काळ चांगले राहिले आणि त्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षांवरून १३ वर्षांवर गेलं. जुईला सडपातळ ठेव. पिल्लं नेणाऱ्यांनाही हेच बजाव, गुटगुटीत लॅब्राडॉरचं कौतुक करू देऊ नकोस. मात्र अंगात आलेलं आनुवंशिक बीज आहाराने पुसलं जात नाही, त्यासाठी जोडच नीट निवडावी लागते.

आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांनुसार मादी निदान १८ महिन्यांची हवी, जोड लावण्याच्या किमान १० दिवस आधी पशुवैद्याचा दाखला हवा आणि वर्षात एकच वेत घेता येतं. या हिशेबाने जुई आज कायद्यात बसते. पण खुब्यांचा पक्का निवाडा दोन वर्षांच्या वयाला होतो. एक माज सोडल्याने तिचं काहीही बिघडत नाही.

आणि फिल्म वाईट आली तर? तर तिची पिल्लं घ्यायची नाहीत. 'एकच वेत' असा मधला मार्ग काढू नकोस. एका वेतात सात-आठ पिल्लं होतात, ती सात-आठ घरांत जातात, आणि त्यांतलं एखादं वर्षभरात जिना चढेनासं होतं. त्या घरातल्या मुलांनी आणि त्या मुक्या जीवाने ते का सोसावं? जुईचं नसबंदीचं ऑपरेशन करून घे, तिचं वजन आटोक्यात ठेव, मऊ मातीवर फिरव. ती तुझी लाडकी आहे तशीच राहील.

विचारणा करणाऱ्यांना आजच कळव की फिल्म पाहिल्याशिवाय पिल्लांचा शब्द देता येणार नाही. नाशिकच्या गृहस्थांकडे त्यांच्या कुत्र्याची फिल्म माग. आणि जुई दोन वर्षांची झाली की तिला घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून फिल्म पाहू.

तुझी,
मावशी