ऑलिम्पिकचं मेडल आणि गाळ्याचं डिपॉझिट



हिंगणघाटच्या एका ताईंच्या प्रश्नावर मागच्या व्हिडिओत मी दोन मिनिटं बोललो होतो. ते उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. ताईंनी तीन दिवसांच्या एका प्रदर्शनात जवसाच्या चटणीची २१० पाकिटं विकली. ८० रुपये पाकीट. तिसऱ्या दिवशी दुपारीच टेबल रिकामं झालं, वरून उत्कृष्ट स्टॉलचं बक्षीस मिळालं. आता त्यांनी मेन रोडवर एक गाळा पाहून ठेवलाय. डिपॉझिट ४०,०००, भाडं ६,५००. डिपॉझिटसाठी हातातल्या पाटल्या गहाण ठेवायच्या आहेत. विचारतात, "दादा, घेऊ का?"

माझं वर्ध्यात स्पोर्ट्सच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे माझी उदाहरणं फिरून फिरून खेळावरच येतात. ग्लोव्हज घ्यायला येणारी पोरंही थोडा असाच प्रश्न विचारतात. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत गोल्ड जिंकलं, तेव्हापासून तर जास्तच. "भाऊ, मेडल आलं की मग प्रो बॉक्सिंगमध्ये पैसाच पैसा ना?"

तसं नाही बाप्पा. आणि ते का नाही, हे समजलं की ताईंचा प्रश्नही अर्धा सुटतो.

हौशी बॉक्सर आणि व्यावसायिक बॉक्सर. मराठीत शब्दच किती छान आहे बघा, रिंगणातला प्रो पण 'व्यावसायिक' आणि गल्ल्यावर बसलेले आपण पण 'व्यावसायिक'. हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडची, म्हणजे नऊ मिनिटांत खेळ खलास. व्यावसायिक टायटलची लढत १२ राउंडची, म्हणजे ३६ मिनिटं. पहिल्या नऊ मिनिटांत सगळा दम काढणारा माणूस पुढची २७ मिनिटं काय करेल? शिवाय हौशी खेळाडूचा कॅम्प, कोच, प्रवास बहुतेक करून संघटना किंवा सरकार बघतं. प्रो झाला की कोचचा, जिमचा खर्च त्याच्याच कमाईतून जातो.

आता माइक टायसनचं घ्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी अमेरिकेची टीम निवडताना हेन्री टिलमनने त्याला दोनदा पॉइंटवर हरवलं. टायसन घरी बसला, टिलमनने हेवीवेटचं गोल्ड आणलं. त्या दिवशी पैज लावायची असती तर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी टिलमनवर लावली असती. पण १९८६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, टायसन जगज्जेता झाला. १९९० मध्ये दोघं प्रो म्हणून समोरासमोर आले आणि टिलमन पहिल्याच राउंडमध्ये आडवा झाला. हौशी लढतीत पॉइंट मोजले जात होते. टायसनचा माल वेगळा होता, त्याला गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात होतं.

याचा अर्थ मेडल बेकार आहे असा कोणी काढू नका. मोहम्मद अली (१९६०), शुगर रे लेनर्ड (१९७६), ऑस्कर डे ला होया (१९९२) हे सगळे आधी ऑलिम्पिक गोल्डवाले, मग प्रो चॅम्पियन. मेडलमुळे नाव होतं, पहिल्या लढतीला तिकिटं खपतात. पण युक्रेनच्या लोमाचेंकोचं काय झालं बघा. २००८ आणि २०१२ अशी दोन गोल्ड, हौशी कारकिर्दीत जवळपास चारशे लढती आणि हार फक्त एक. तरी २०१४ मध्ये प्रो म्हणून दुसऱ्याच लढतीत ओरलांडो सालिडो नावाच्या मुरलेल्या गड्याने त्याला हरवलं. तिसऱ्या लढतीत तो जगज्जेता झाला, ही गोष्ट वेगळी. एवढ्या मोठ्या माणसालाही नव्या बाजाराची फी भरावी लागली.

आपल्याकडचं उदाहरण विजेंदर सिंगचं. २००८ ला बीजिंगमध्ये ब्राँझ, भारतीय बॉक्सिंगचं पहिलं ऑलिम्पिक मेडल. २०१५ मध्ये प्रो झाला आणि सलग १२ लढती जिंकला, त्यातली एक २०१७ मध्ये मुंबईत, चीनच्या मैमैतियालीविरुद्ध. मग मार्च २०२१ ला गोव्यात, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा, त्याआधीची लढत नोव्हेंबर २०१९ ची. १२ विजय खरेच होते. पण हौशी स्पर्धेत समोर कोण येणार हे ड्रॉ ठरवतो, प्रोमध्ये प्रमोटर जोडी जुळवतो. म्हणून प्रो रेकॉर्ड वाचताना नुसते विजय मोजायचे नाहीत, समोर कोण होतं आणि मध्ये किती महिने गेले हेही पाहायचं.

ताईंच्या २१० पाकिटांना हेच विचारायचं. समोर कोण होतं? गर्दी आयोजकांनी आणली होती. स्टॉल बचत गटामार्फत फुकट. घेणाऱ्यांमध्ये नातेवाईक आणि गटातल्या बायका किती, ते ताईंनाही नीट आठवेना. म्हणजे ही नऊ मिनिटांची लढत.

मी स्वतः बीबीएला असताना बिझनेस प्लॅन स्पर्धेत पहिला आलो होतो. त्याच प्लॅनवर गिफ्ट शॉप टाकलं, १४ महिन्यांत शटर खाली. परीक्षकांपैकी एकानेही उधारीबद्दल विचारलं नव्हतं, मीही लिहिलं नव्हतं.

हिशोब करू. पाकिटामागे खर्च ५२, सुटतात २८ रुपये. भाडं ६,५००, लाइट ८००, अर्धा दिवस मदतनीस २,५००. झाले ९,८००. भागिले २८, म्हणजे महिन्याला ३५० पाकिटं विकली तेव्हा कुठे खर्च निघाला. ताईंच्या घरी अजून एक रुपया आला नाही. महिन्यात २६ दिवस दुकान धरलं तर रोज १३-१४ पाकिटं. प्रदर्शनात रोज ७० गेली म्हणून हा आकडा सोपा वाटतो.

पण ताईंकडे ४० गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. मी म्हटलं, महिनाभरात परत किती जणांनी मागितली? नऊ. नऊ वाईट नाही हं! न सांगता, न फोन करता नऊ माणसं परत आली, म्हणजे चटणीत दम आहे. फक्त नऊ गिऱ्हाइकांवर मेन रोडचा गाळा चालत नाही.

म्हणून मी त्यांना पाटल्या हातातच ठेवायला सांगितलं. तीन महिने दोन किराणा दुकानांत प्रत्येकी २० पाकिटं ठेवायची, दुकानदाराचं कमिशन धरून. दर रविवारी जाऊन मोजायचं. त्या ४० जणांना स्वतःहून फोन करायचा. ओळखीच्यांना वेगळ्या वहीत लिहायचं, अनोळखी वेगळे. अनोळखी माणूस पूर्ण भावात तिसऱ्यांदा घेतो का, यावर माझं सगळं लक्ष आहे. तीन महिन्यांनी घरबसल्या २०० च्या आसपास पाकिटं जात असली तर गाळ्याचं बोलू, तेही आधी आतल्या गल्लीतल्या स्वस्त गाळ्याचं.

पहिल्या रविवारचा आकडा आलाय. एका दुकानात ११ गेली, दुसऱ्यात ३. दुसऱ्या ठिकाणी पाकिटं बिस्किटांच्या खोक्यामागे दडली होती, ती ताईंनी स्वतः काउंटरवर आणून लावली. गाळामालकाचा फोन येऊन गेला, त्याला दिवाळीनंतर सांगते म्हणाल्या.