गुलामीचं संग्रहालय परळला बांधायचं तर

प्रश्न : गुलामगिरी आणि मुक्ती या विषयावर परदेशांत संग्रहालयं झाली आहेत. मुंबईत बांधायचं ठरलं तर इमारत कशी असावी? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : महात्मा फुल्यांनी 1873 साली जातीच्या गुलामीवर ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना ते अर्पण केलं. तेव्हा तुमचा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचं असं संग्रहालय 2023 साली उघडलं. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं ज्या धक्क्यावर उतरवत, तिथेच ते आहे. ती जमीन मोकळी राहावी म्हणून अख्खी इमारत 18 खांबांवर 13 फूट उचलली. शेजारी उथळ पाण्यात, जहाजात दाटीनं निजवलेल्या माणसांच्या आकृत्या आहेत. पाणी चढलं की त्या बुडतात, ओसरलं की पुन्हा दिसतात. तिथल्याच सिनसिनाटीतल्या संग्रहालयात तर गुलामांना डांबायची लाकडी कोठडीच केंटकीतून आणून उभी केली आहे, आत शिरता येतं.

आपली कोठडी परळला होती. डबक चाळीतली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणची एकच खोली. त्यातच चूल, धूर, भांडीकुंडी, जातं आणि बांधलेली शेळी. जागा नाही म्हणून वडील रामजी सुभेदार छोट्या भीमरावाला लवकर निजवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुढे बीआयटी चाळ क्रमांक 1, दुसरा मजला, खोल्या 50 आणि 51. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आल्यावरही बाबासाहेबांचा संसार तिथेच होता. मग दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. ते बांधतानाच पुस्तकांसाठी जागा धरली होती.

इमारतीनं हाच प्रवास करायला लावावा. इंदू मिलमध्ये 100 फुटी चौथऱ्यावर बाबासाहेबांच्या 350 फुटी पुतळ्याची योजना आहे, तो व्हावाच. पण उंचीवरून त्या माणसाचा मोठेपणा कळतो, त्याला घातलेली कोंडी कळत नाही. त्यासाठी डबक चाळीची खोली हवी, ठेंगणी आणि अंधारी. दहाजण शिरले की अंग चोरूनच उभं राहावं लागलं पाहिजे. तिथून चाळीच्या गॅलरीसारखा लांब सज्जा, आणि शेवटी भरपूर उजेडाचं वाचनालय. तिथली पुस्तकं काचेआड कोंडू नयेत. शाळकरी पोरांना ती हातात घेऊन संध्याकाळपर्यंत वाचत बसता यावं.

50 आणि 51 नंबरच्या खोल्यांची मात्र प्रतिकृती करू नये. त्या परळमध्येच, आहेत त्या जागी जपाव्यात.