तात्पर्य सांगायची घाई नको गं!

पाळकसाहेबांनी संडे स्कूलचा सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग तुझ्याकडे दिला, आणि सुरुवातीलाच देवाच्या राज्याचे दाखले शिकवायला आले. परवा फोनवर म्हणालीस, "ताई, दाखला सांगून पाच मिनिटांत होतो. मग उरलेला वेळ मी करू तरी काय?" तेव्हा घाईत होते. आज निवांत सांगते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. दाखला म्हणजे इसापनीती नव्हे. ससा-कासवाची गोष्ट सांगून "आळस करू नये" म्हटलं की काम झालं. दाखल्याचं तसं नसतं. त्याचं तात्पर्य तू फळ्यावर एका ओळीत लिहिलंस, तर मुलं ओळ पाठ करतील, बक्षीसही घेतील आणि गोष्ट विसरतील. येशूच्या जवळजवळ प्रत्येक दाखल्यात काहीतरी खटकणारं असतं. शहाणासुरता माणूस असं वागेल का, असं वाटायला लावणारं. ते आधी तू शोध आणि मुलांपुढे ठेव. अर्थ तिथूनच उलगडायला लागतो.

आता "राज्य" हा शब्दच घे. मुलांना राजा काढायला सांग, मुकुट, तलवार आणि किल्ला हमखास येणार. त्यात त्यांचं काही चुकत नाही. येशूचं ऐकणाऱ्या गालीलकरांच्या डोळ्यांसमोरही राज्य म्हटलं की हेच येत असणार. त्यांच्यावर हेरोद अंतिपाचा अंमल होता आणि त्याच्या डोक्यावर रोमचा कैसर. याच अंतिपाने इ.स. 20 च्या सुमारास गालील समुद्राच्या काठी नवं शहर वसवलं आणि त्याला तिबिर्य कैसराचं नाव दिलं. राज्य म्हणजे जकातदार आणि शिपाई, हे लोक रोज पाहत होते. जुन्या करारातही मोठ्या राज्यासाठी मोठं झाड येतं. यहेज्केलाच्या 17 व्या अध्यायात डोंगरावरचा गंधसरू आहे, दानीएलाच्या 4 थ्या अध्यायात आभाळाला टेकलेला वृक्ष आहे, आणि दोन्हीकडे फांद्यांत पाखरं आहेत. हे ऐकत वाढलेल्या लोकांना येशू सांगतो, देवाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं आहे! गालीलातली काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते खरी, पण शेवटी ते वर्षभरात वाळणारं झुडूपच. पाखरं मात्र याही झाडावर येतात. खटका इथे आहे. म्हणून "लहानातून मोठं होतं" एवढ्यावर थांबू नकोस. "देवाने गंधसरू का नाही निवडला?" असं विचार आणि मग गप्प बस. गप्प बसणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड. मुलं विचार करत असताना आपल्यालाच ती शांतता सोसवत नाही.

आता कोणता दाखला आधी घ्यायचा ते सांगते. रोममध्ये सोफिया कावालेत्ती नावाच्या विदुषी होत्या. हिब्रू भाषा आणि पवित्र शास्त्र हा त्यांचा अभ्यासाचा विषय. 1954 साली त्यांनी माँटेसरी पद्धत जाणणाऱ्या ज्याना गोब्बी यांच्यासोबत लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायला सुरुवात केली. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांनी मोहरी, खमीर, गुप्त ठेव, मोती असे वाढीचे आणि मोलाचे दाखले ठेवले. कसं वागावं हे सांगणारे दाखले त्यानंतरच्या वयासाठी. आधी देव कसा आहे ते पाहून आनंद व्हावा, मग आपण काय करावं याचा विचार, असा तो क्रम. तुझी मुलं याच उंबरठ्यावर आहेत, म्हणून आरंभ मोहरीपासूनच कर. प्रत्येकाच्या बोटावर एकेक दाणा ठेव आणि निरखू दे. हरवला तर शोधू दे. तेवढ्यात त्यांना जे कळेल, ते तुला भाषण करून सांगता येणार नाही.

खमिराच्या दाखल्याला घरून पीठ आणि यीस्ट घेऊन जा. पीठ मळून झाकून ठेव आणि वर्ग संपताना उघड. पण त्याआधी एक आकडा सांग. दाखल्यातल्या बाईने तीन मापं पीठ घेतलं होतं, म्हणजे आजच्या हिशेबाने वीस किलोंच्या आसपास. घरातल्या चार माणसांसाठी इतकं कोण मळतं? "ही बाई कोणासाठी भाकरी करत असेल?" एवढंच विचार. कोणी लग्न म्हणेल, कोणी अख्खं गाव म्हणेल. जे म्हणतील त्याला "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नकोस, "असं का वाटलं?" एवढंच विचार.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मात्र वर्गात वादळ उठवणार, आणि उठू दे. आपल्याकडे सकाळी मजूर नाक्यावर माणसं कामाची वाट पाहत उभी असतात, ती मुलांनी पाहिली आहेत. तिथूनच सुरू कर. मालक पहाटे येतो, मग नऊच्या सुमारास, बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरलेला असताना. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. मुलं ओरडतील, "हे अन्याय्य आहे!" त्या वयात वाटणीतला फरक लगेच लक्षात येतो, केकचा तुकडासुद्धा मोजला जातो. त्यांना दटावू नकोस. पहाटे आलेले मजूरही हेच म्हणाले होते. मग दोन गोष्टी हळूच पुढे कर. एक, दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरची चूल पेटवायला लागते तेवढी. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात तर मजुराला त्याचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावेत असा नियमच आहे, कारण त्याचं पोट त्यावर असतं. दुसरी, पाच वाजता उभे असलेले लोक आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर घेतलंच नव्हतं. आता विचार, "त्यांच्या घरची मुलं त्या रात्री जेवली असतील का?" बघ, वाद कुठल्या कुठे जातो. सगळ्यांचं एकमत झालं नाही तरी चालेल. हा दाखला घरी जाऊन जेवताना पुन्हा निघाला, तर तुझा वर्ग चांगला झाला असं समज.

गुप्त ठेवीच्या दाखल्यात एखादं चलाख पोर विचारेलच, "शेतात ठेव सापडल्यावर त्या माणसाने शेतमालकाला सांगितलं का नाही? ही फसवणूक नाही का?" घाबरू नकोस. त्या काळात लढाई किंवा लुटारूंच्या भीतीने लोक धन जमिनीत पुरत, हे सांग. 1952 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या एका गुहेत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली यादी सापडली, तीही पुरून ठेवलेल्या धनाचीच. मुलांचे डोळे चमकतील. मग म्हण, "तो शहाणा होता की नव्हता यावर आपण भांडू या, पण त्याचा चेहरा कसा होता ते कोण सांगेल?" सगळं विकून टाकणारा माणूस आणि तरी आनंदात, हे येशूला दाखवायचं आहे.

आता एक काळजीचा विषय. निदणाचा दाखला आणि जाळ्याचा दाखला, दोन्हींत शेवटी निवड आहे, आग आहे. लहान मुलं त्याने रात्री घाबरतात. त्यांना नरकाची चित्रं दाखवू नकोस, हे मी ताई म्हणून बजावते. निदण म्हणजे गव्हातलं तण, ते कोवळं असताना अगदी गव्हासारखं दिसतं, ओंबी आल्यावरच ओळखू येतं. म्हणून मालक चाकरांना सांगतो, आत्ता उपटू नका, गहूही निघेल. दाखल्याचा जोर तिथे आहे. कोण गहू आणि कोण निदण हे ठरवायचं काम चाकरांना दिलेलंच नाही. आपल्या बऱ्याच मुलांचे आजी-आजोबा, मावशी-काका दुसऱ्या धर्माचे आहेत. कोणी विचारलं, "माझी आजी देवाच्या राज्यात असेल का?" तर निकाल देऊ नकोस. "ते देवाकडे आहे, आणि तो तुझ्यापेक्षाही तिच्यावर जास्त माया करतो," एवढं म्हण. त्याहून जास्त सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

दया न करणाऱ्या चाकराचा दाखला पाचवी-सहावीच्या मुलांसाठी राखून ठेव, कारण त्यात गणित आहे. राजाने त्याला माफ केलेलं कर्ज दहा हजार टॅलेंट, आणि एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! त्याच्या सोबत्याने त्याला फक्त शंभर दिनार द्यायचे होते. हा हिशेब मुलांनाच वहीत करू दे. क्षमेवर तास घेण्यापेक्षा त्या शून्यांनी काम लवकर होईल.

आणि सुवर्ण वचनाचं काय, असं विचारशील. ते पाठ करून घेच, पण तासाच्या शेवटी, गोष्ट मनात उतरल्यावर. एका रविवारी एकच दाखला घे. पुढच्या रविवारी नवा सुरू करण्याआधी मागचा कोणाला तरी सांगायला लाव. सांगताना मूल जिथे अडखळेल किंवा स्वतःचं काही घालेल, तिथे कान दे. त्याला काय भिडलं आणि काय नाही, हे तुला तिथेच कळेल, आणि पुढच्या तासाची तयारी कुठून करायची तेही.