सॉर्टेक्सच्या पॅनेलला हात लाव

दाल मिलमध्ये डाळ निवडणारं नवं सॉर्टेक्स मशीन येणार म्हणून तुझी झोप उडाली आहे, असं काकू फोनवर म्हणाली. आता निवडणाऱ्या बाया लागणारच नाहीत, अशी तुमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत चर्चा चालते म्हणे. बाई, तुला खोटा धीर कशाला देऊ? काही जणींचं काम कमी होईल. अकोल्याच्या मोठ्या दाल मिलांमध्ये ते कधीच झालं. पण मशीन आल्यावर तू कुठे उभी राहशील हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरायच्या आत चार गोष्टी तुझ्या कानावर घालते.

एआय म्हटलं की तुला पुण्या-बंगलोरची काचेची ऑफिसं दिसतात. आपल्या मूर्तिजापुरात ते तुरीच्या डाळीतून आलंय. सॉर्टेक्समध्ये वरून डाळ सोडतात, ती घसरगुंडीवरून पातळ थरात खाली येते, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि नको असलेला दाणा बारीक नळीतून हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. जुनी मशीनं फक्त रंग बघायची. काळा दाणा, टरफल चिकटलेला दाणा त्यांना कळायचा, पण लाखोळी आली की गडबड व्हायची, कारण ती तुरीसारखीच पिवळी. तू मात्र सुपात बोट फिरवून लाखोळी काढतेस, कारण तुला तिचा कोन दिसतो, तिरपी कड दिसते. नव्या मशीनला तेच शिकवावं लागतं. चांगली डाळ वेगळी दाखवायची, खराब वेगळी दाखवायची, मग ते आकारसुद्धा ओळखायला लागतं.

आता मला सांग, मशीनला दाखवायच्या डाळीचा हा नमुना कोण निवडणार? कंपनीचा सर्व्हिसवाला मुलगा परगावाहून येतो, त्याला पॅनेल कळतं, पण ‘फटका’ दर्जाच्या डाळीत किती तुकडा चालतो, कोणता डाग धुतल्यावर जातो आणि कोणता आतून सडलेला असतो, हे त्याला कुठून कळणार? मालक घाईत असतो, तो मूठभर डाळ उचलून देतो. नमुना असा-तसा दिला तर मशीन पुढे महिनाभर चांगला माल रिजेक्टमध्ये फेकत राहतं, आणि शेवटी तोच रिजेक्ट पुन्हा तुमच्यासमोर निवडायला येतो. म्हणून सांगते, नमुना तू काढून दे. स्वतःहून पुढे हो. दोन ताटं भर, एक पास, एक नापास, आणि मधल्या संशयाच्या दाण्यांचं तिसरं ताट वेगळं ठेव. ते तिसरं ताट मालकापुढे ठेवून विचार, “साहेब, हे कुठं टाकायचे?” त्या एका प्रश्नानं तुझी जागा बदलते.

“ते आमचं काम नाही वं ताई,” असं तू म्हणणार, मला माहीत आहे. पॅनेलला हात लावायचा तो ऑपरेटरनं, आणि ऑपरेटर म्हणजे बाप्या माणूस, हे आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी सगळे पाळतात. आपल्याच अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही मिनी दाल मिल काढली, ती किती गावांत बचत गटाच्या बायांनी चालवली! मोटर, रोलर, पट्टा, सगळं हाताळलं. तेव्हा कुणाचा हात कापला नाही की कुणाची अक्कल कमी पडली नाही.

जिनिंगचं आठवतं का तुला? तू लहान होतीस. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं आणि त्यानंतर जिनांमध्ये सुधारणा झाल्या. आधी बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपर्यंत, कापूस वाहायच्या. मग हवेनं ओढणारे पाइप आले, कन्व्हेयर आले. रुई स्वच्छ झाली, गठाणीला भाव आला, चांगलंच झालं. पण टोपलीवाल्या बाईला पाइपच्या बटनापाशी कुणी बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. मला ते आजही खटकतं. बोलावण्याची वाट पाहू नको, एवढंच त्यातून मी घेतलं.

भाषेची भीती असेल तर तीही काढून टाक. बरीच सॉर्टिंग मशीनं चीनची असतात, पॅनेलवर इंग्रजी नाहीतर चिनी अक्षरं. इंग्रजी शिकलेल्यांनाही ती चिनी अक्षरं वाचता येत नाहीत, ते चित्र लक्षात ठेवतात. तू फोनमधलं गूगल लेन्स त्यावर धर, मराठीत दिसतं. तोडकंमोडकं दिसतं, पण ‘हवेचा दाब’ आणि ‘वेग’ एवढं तर कळतं. सरकारनंही 2022 मध्ये ‘भाषिणी’ नावाचं व्यासपीठ सुरू केलं आहे, आपल्या भाषांत बोलून, ऐकून काम व्हावं म्हणून.

बाकी फोनवरच्या एआयला विचारायची एक पद्धत असते. नुसतं “मशीन बिघडली” म्हटलंस तर ते भाषण देतं. असं बोल: “मी दाल मिलमध्ये सॉर्टेक्सवर काम करते. चांगली तूर डाळ रिजेक्टमध्ये पडते आहे. आधी काय तपासू, एकेक करून सांग, सोप्या मराठीत.” मग ते सांगेल की काच धुळीनं भरली आहे का बघ, वरून डाळ जास्त सुटते का बघ, संवेदनशीलता फार वाढवली आहे का बघ. हे खरं असतं. उलट खराब दाणे चांगल्यात जात असतील तर कॉम्प्रेसरचा दाब आणि नळीची तोंडं बघायची. आपलं वऱ्हाडी त्याला कधी नीट कळत नाही, “डाळ पडून राह्यली” म्हटलं की भलतंच ऐकतं, तेव्हा जरा शाळेतल्या बाईंसारखं बोल. हसू येईल, पण चालतं.

मात्र दाब किती ठेवायचा, असा आकडा त्यानं सांगितला तर तो मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तकात ताडून पाहा. ते चुकीचा आकडाही बेधडक सांगतं, अडखळत नाही. आणि त्याच्या भरवशावर विजेचं पॅनेल कधीच उघडायचं नाही. मेन स्वीच बंद करणं आणि वायरमनला बोलावणं, याला दुसरा पर्याय नाही. पार्टीचं नाव, भाव, वजनाची पावती, तुझं आधार कार्ड यांचे फोटो त्याला देऊ नको. मालकाच्या कानावर गेलं तर दोष तुलाच येईल.

आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबांचं बालपण गेलं. शाळा त्यांना मिळाली नाही, पण कीर्तनात ते समोरच्या माणसाला प्रश्न विचारूनच पुढे जायचे. तूही सर्व्हिसवाल्याला असेच साधे प्रश्न विचार, लाजू नको. तो पोरगा रोज पन्नास मालकांचं ऐकून कंटाळलेला असतो, कुणी खरंच शिकायला आलं तर त्यालाही बरं वाटतं. (आणि चहा पाजलास तर पासवर्डही सांगतो, पण तो मालकासमोरच घे.)

शिकून झालं की पैशाचं बोल. इथे आपण बाया मागे पडतो. पॅनेल तू सांभाळणार आणि हजेरीत ‘निवडणारी’ म्हणूनच नाव राहणार, हे मान्य करू नको. हजेरीवर ‘ऑपरेटर’ लिहून घे आणि मजुरी त्याप्रमाणे माग. पहिल्या महिन्यात मागू नको, मशीन नीट चालायला लागलं की माग, तेव्हा नाही म्हणायला मालकालाच जड जातं. उद्या नांदगाव पेठच्या टेक्सटाइल पार्कमध्ये जायचं म्हटलं तर हाच अनुभव तुझ्या अर्जात लिहिता येईल. तिथे पीएम मित्र पार्कची पायाभरणी 2024 च्या सप्टेंबरात झाली आहे.

नवे कॅमेरे फक्त डाळीवर नसतात, हेही ध्यानात असू दे. हॉलमध्ये लावले तर ते कशासाठी, किती वेळ बसलात ते मोजायला का, हे सगळ्या जणींनी मिळून विचारा. एकटीनं विचारलं की ती भांडखोर ठरते.

सर्व्हिसवाला बहुतेक सुट्टीच्या दिवशी येतो, मिल बंद असते तेव्हा. त्या दिवशी पोराला काकूकडे सोड आणि जा. डबा घेऊन जा, वेळ लागेल. पॅनेलच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ आणि मला पाठव, आपण दोघी मिळून वहीत लिहून काढू.